पहिल्या लोंब्यांचा हक्क

माझा धाकटा भाऊ लग्नकार्यात एक गोष्ट रंगवून सांगतो. "आमच्या ताईनं पेंढ्यावर सही केली." लोक हसतात, तोही हसतो. मी समोर बसलेली असले तरी सांगतो, फक्त माझ्याकडे बघत नाही. आता मीच सांगते, म्हणजे निदान एकदा तरी ती पूर्ण सांगितली जाईल.

बाबा गेल्यावर पाम गावातल्या आमच्या जमिनीचं हक्कसोडपत्र करायचं ठरलं. ठरलं म्हणजे भावाने ठरवलं, आईने मान डोलावली आणि मला बोईसरहून बोलावून घेतलं. बहिणीने सही करायची आणि भावाने साडी द्यायची, असं आमच्याकडे चालतं. मला साडी नको होती. तोवर माझा माल ठेवायच्या लाकडी पॅलेटचा धंदा उभा राहिला होता. कारखान्यांतून मोडकी पॅलेट उचलायची, फळ्या बदलून ठोकठाक करायची आणि दुसऱ्या कारखान्याला घालायची. हा धंदा मला कुणी शिकवला नाही आणि त्यात कुणी हातही दिला नाही. बाई आहे, दोन शब्द चढ्या आवाजात बोललं की गप्प बसेल, असं ज्या स्टोअरवाल्यांना वाटलं, त्यांच्याशी भांडूनच मी माझे भाव मिळवले. तेव्हा कोर्टात जायला मी घाबरत नव्हते. हिस्सा मागितला असता तर मिळाला असता.

मी मागितला नाही. मी एकच अट घातली. विहिरीजवळच्या खाचरातल्या पहिल्या लोंब्या दरवर्षी मी कापणार, कुणीही शेतात विळा घालण्याच्या आधी. त्यांचं तोरण मी विणणार, आणि ते घराच्या दारावर लागल्याशिवाय नवा तांदूळ शिजणार नाही.

भावाला वाटलं मी चेष्टा करतेय. "एवढंच?" म्हणाला. माझ्या नवऱ्यानेही घरी आल्यावर तेच विचारलं. दोघांनाही कळलं नाही, आणि मी समजावत बसले नाही.

ते तोरण बाबांचं होतं. भात पूर्ण पिकायच्या थोडं आधी, लोंबी मान टाकते पण काडी अजून हिरवट असते, तेव्हा ते ओंजळभर लोंब्या लांब काडीसकट कापायचे. पाती ओरबाडून काढायचे. काड्या ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवायचे, म्हणजे त्या वळतात, मोडत नाहीत. मग तीन पदरांची वेणी घालायची, प्रत्येक वळणाला एक लोंबी आत सारायची, लोंब्या सगळ्या खाली लोंबत्या राहतील अशा. मध्ये मध्ये झेंडू आणि आंब्याची पानं, केळीच्या सोपाच्या दोऱ्याने बांधलेली. वेणी घट्ट हवी तर दुसऱ्याने टोक ताणून धरावं लागतं. सात वर्षांची होते तेव्हापासून ते टोक मी धरत होते. पुढे बाबांचे हात थरथरायला लागले, तेव्हा ते धरायचे आणि मी विणायचे. त्या घरात माझ्या नावावर म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती. ती मी सौद्यात मागून घेतली.

काही वर्षं ठीक चाललं. मी जायचे, कापायचे, विणायचे. तोरण दारावर बांधायचा मात्र भाऊ, कारण तो मुलगा. पाहुणे आले की म्हणायचे, "काय सुंदर तोरण लावलंस रे!" तो म्हणायचा, "लावतो दरवर्षी." मी तिथेच उभी असायचे.

मग गेल्या वर्षीचा आश्विन आला. मी रविवारी जाणार होते. आमचं फोनवर तसं बोलणंही झालं होतं. शुक्रवारी सकाळी कुंभवलीच्या एका कारखान्यात निघाले होते. वाटेत ट्रेलरवर चढवलेलं भातकापणीचं मशीन दिसलं. असं मशीन दिसलं की मी विचारतेच. गाडी बाजूला लावली आणि विचारलं, "कहाँ जा रहे हो?"

"पाम," ड्रायव्हर म्हणाला.

"किसके यहाँ?"

त्याने माझ्या भावाचं नाव घेतलं.

कारखान्यातल्या साहेबाला फोन करून आज जमणार नाही असं कळवलं. त्याने काहीतरी ऐकवलं, मीही ऐकवलं. कंत्राट त्या वेळी हातचं जाऊ शकत होतं, हे मला माहीत होतं. तरी स्कूटर वळवली. वाटेत एक रेल्वे फाटक बंद होतं. तिथे वीस मिनिटं उभी होते, आणि त्या वीस मिनिटांत मला येतात तेवढ्या सगळ्या शिव्या भावाला देऊन झाल्या.

पोचले तेव्हा मशीन विहिरीजवळच्याच खाचरात होतं. तिथूनच सुरुवात केली होती. चारातले तीन भाग कापून झालं होतं. मागे काड्यांचा चुरा पडत होता. त्या चुऱ्याची वेणी सोडा, गुरांच्या दाव्यालाही उपयोग नव्हता. मी चप्पल काढली, साडी खोचली आणि सरळ मशीनच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिले.

"अरे दीदी, हटो! मरना है क्या?" ड्रायव्हर ओरडला.

"बंद करो पहले."

"मेरा टाइम जा रहा है, दीदी."

"जाने दो."

त्याने मशीन बंद केलं आणि तो हसत माझ्या भावाकडे बघत बसला. भाऊ बांधावरून धावत आला. घामाघूम झाला होता.

"ताई, काय लावलंयस? लोक बघतायत."

"बघू देत. मी रविवारी येणार होते ना?"

"आकाश बघितलंस का? दोन दिवसात पाऊस येल. आजूबाजूच्या चार जणांनी मिळून मशीन आणलंय. तुझ्यासाठी थांबवू काय रविवारपर्यंत?"

आकाश खरंच भरलं होतं. हे मी त्या वेळी मान्य केलं नाही, आता करते. पण फोन करायला त्याला काय झालं होतं? पामहून बोईसर काय परदेशात आहे?

"फोन का नाही केलास?"

"विसरलो."

"माझी अट विसरलास?"

"अट काय होती? विळा लागायच्या आधी. विळा कुठं लागलाय? मशीन लागलंय." आणि हसला.

बांधावरचे दोघे-तिघेही हसले. त्या क्षणी मी त्याच्या थोबाडीत मारली असती. मारली नाही, कारण धंद्यात एक गोष्ट मी पक्की शिकले आहे. समोरचा हसला की त्याला वाटतं आपण जिंकलो, आणि मग तो सावध राहत नाही. मी आजूबाजूला बघितलं. विहिरीच्या कठड्याकडचा कोपरा तेवढा उभा होता, कारण तिथे मशीन वळत नाही.

"ते घे की," भाऊ म्हणाला. "कोपरा तुझ्यासाठीच ठेवलाय."

"तू ठेवला नाहीस. मशीनने टाकलाय."

एवढ्यात घरातून आई आली. आईचे गुडघे दुखतात, पण भांडण ऐकलं की ती चालत येते. मागे भावजय, हातात चहाचे कप.

"वन्सं, आधी चहा घ्या."

"नको."

आई भावाला म्हणाली, "तोरण कुठं हाय? मी नवा भात वाळवून गिरणीवर धाडणार होते."

"आई, दारावर एक लावलंय ना आधीच," भावजय म्हणाली. ते मी येताना बघितलं होतं. प्लास्टिकचा झेंडू, पिवळाधमक, मोबाइलवरून मागवलेला.

"ते नाय चालायचं. लोंब्यांचं नाय तर नवं शिजायचं नाय. तुझा बाप असं करत नव्हता."

भावाचा चेहरा उतरला. आईचं तो मोडत नाही, आणि आईला तोरण पाहिजे होतं. ते विणता येणारी त्या गावात मी एकटी होते. एवढं कळल्यावर मी आवाज खाली आणला. राग आला की मी ओरडते, पण सौदा करताना हळू बोलते.

"विणते," मी म्हटलं. "पण पुढच्या वर्षी हे अख्खं खाचर जुन्या वाणाच्या उंच भाताचं लावायचं. मशीन आत येणार नाही, हाताने कापायचं."

"येडी झालीस? जुना भात वाऱ्यानं लोळतो. सगळ्यांच्या मागून निघतो."

"मग मी चालले."

"ताई!"

"अर्धं खाचर."

"नाय."

"विहिरीकडची पट्टी. दहा पावलं. त्याच्या खाली मी येत नाही."

तो आईकडे बघायला लागला. आईने बांधावर बसकण मारली होती. मला पहिल्यापासून दहा पावलंच हवी होती. शेवटी तो म्हणाला, "घे दहा पावलं, आणि गप बस."

"आईसमोर म्हणालास. दुसरी अट. विणताना टोक तू धरायचंस."

"मी? मला काय येतं त्यातलं?"

"धरायला काही यावं लागत नाही."

त्या कोपऱ्यातल्या लोंब्या जास्त पिकल्या होत्या. चार दिवस आधी कापल्या असत्या तर दाणा धरून राहिला असता; रविवार ठरवताना माझाही अंदाज चुकला होता. मी विळा मागून घेतला, कापल्या, आणि गोणपाट भिजवून दुपारपर्यंत ओटीवर झाकून ठेवल्या. तोवर मशीनने बाकीचं आवरलं. मग भाऊ माझ्यासमोर मांडी घालून बसला, टोक हातात घेऊन. त्याच्या शेतावर आलेल्या बायका ओटीच्या कडेला बसून बघत होत्या. "शेठ आज पोरीचं काम करतोय," एकीने म्हटलं, आणि या वेळी हसणारी मी होते.

त्याला धरताही येत नव्हतं. ओढायचा ते एकदम, आणि काडी तुटायची. ढिलं सोडायचा तर वेणी सैल. प्रत्येक वळणाला दाणे सांडत होते. मी त्याला पाच-सहा वेळा झापलं. शेवटी तो चिडून म्हणाला, "मला येणार कुठून? बाबांनी मला कधी बसवलं नाय. मी जवळ आलो की म्हणायचे, जा, म्हशी बघ. तू बसायचीस ना."

हे मला नवीन होतं. एवढ्या वर्षांत मी असा विचार केला नव्हता. पण त्याची दया आली असं म्हणणार नाही. म्हशी बघणाऱ्याला जमीन मिळाली आणि टोक धरणारीला साडी. मी म्हटलं, "घट्ट धर." त्याने घट्ट धरलं, आणि शेवटची वीतभर वेणी तरी बरी झाली.

तोरण दारावर लावलं तेव्हा अर्ध्या लोंब्या रिकाम्या होत्या. आईने ओटीवर सांडलेले दाणे सुपात गोळा केले. भावजयीने प्लास्टिकचं तोरण काढून ठेवलं, फेकलं नाही, कारण पैसे दिले होते. तेवढं मला पटलं. आई म्हणाली, "जेवून जा." मी थांबले नाही. संध्याकाळी त्या कारखान्याच्या साहेबाकडे गेले आणि कंत्राट परत मिळवलं. पाऊस आला रात्री, आणि भावाचं म्हणणं खरं ठरलं. त्याचा मला आणखी राग आला.

पण दहा पावलं माझी होती. भाऊ ती देणार नाही, हेही मला ठाऊक होतं. म्हणून मी उन्हाळ्यातच डोंगराकडच्या एका कुटुंबाशी बोलून ठेवलं. त्यांच्याकडे अजून उंच जुना भात लावतात. घरातल्या बाईने माझ्यासाठी तिच्या रोपांबरोबर एक वाफा जास्त पेरला. ती माझ्याएवढीच चिवट भाव करते, तेव्हा आमचं जमलं.

लावणीच्या वेळी भावाला फोन केला. "अरे, विसरलो," म्हणाला. "सगळीकडे आखूड भाताचीच रोपं आहेत."

"काही हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेम्पोत रोपांच्या जुड्या घालून, ती बाई आणि तिची जाऊ यांना घेऊन खाचरात उतरले. भाऊ बांधावर आला तेव्हा निम्मी पट्टी लावून झाली होती. मी पावलं मोजूनच दोरी बांधली होती, दहाच. त्याने दोरी बघितली. "तू बहीण नाय, तलाठी हायस," म्हणाला आणि घरात गेला. भावजयीने चहा पाठवला. त्या दिवशी मी तो घेतला.

आता आश्विन लागलाय. मी कालच बघून आले. बाकीच्या खाचरापेक्षा माझी पट्टी हातभर उंच आहे. एका कडेला थोडी लोळली आहे, भाऊ म्हणाला होता तसंच. लोंब्यांनी माना टाकल्या आहेत, काडी अजून हिरवट आहे, अगदी हवी तशी. भाऊ माझ्याशी बोलत नाही. त्याने भावजयीकरवी निरोप धाडला, मशीन शनिवारी येणार आहे, नंतर म्हणू नका सांगितलं नाही म्हणून.

मी गुरुवारी जाते आहे. बोईसरच्या बाजारातून नवा विळा आणलाय, त्यांच्या घरातला मागणार नाही. टोक धरायला त्या डोंगराकडच्या बाईला बोलावलंय. तोरण झालं की माझ्या हाताने, स्टुलावर चढून, त्या दारावर मीच बांधणार. कुणी अडवलं तर बघते.