दुखानचा दातेरी मासा

एका खोलीत बायकामुलांशिवाय तीन पुरुष राहिले की किस्से साचतात. दुखानला दाराखालून वाळू यायची, तसे. झाडून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा आहेच. मी शिकलेला माणूस नाही. आठवतं तसं सांगतो.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी कतारमधल्या दुखानला, तेलाच्या कंपनीत वेल्डर म्हणून उतरलो. गाव साताऱ्याकडचं. मासा म्हणजे ओढ्यातला, तोही कधीमधी. खोलीत दोघं आधीचे होते. रत्नागिरीचे हसनभाई, क्रेन चालवायचे, वयाने वडील. आणि सांगलीचा शिंदे, इलेक्ट्रिशियन. तोंडाने वाईट, मनाने बरा.

शुक्रवारी सुट्टी. हसनभाई रॉड घेऊन समुद्रावर जायचे. गळाला आमिष नाही, नुसता चकचकीत पत्र्याचा तुकडा. लांब फेकायचा आणि ओढत आणायचा. त्याला ते ‘खोटा मासा’ म्हणायचे.

मी म्हटलं, "लोखंड कोण खातं?"

"भुकेने नाही खात. समोरून कोणी मिरवत गेलं की याला राग येतो, मग चावतो." हसनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्याच जातीचा आहे."

तेवढ्यात रॉड वाकला. हातभर लांब मासा बाहेर आला. तोंड निमुळतं, दात कुत्र्यासारखे. साहेब लोक त्याला बाराकुडा म्हणत.

• • •

मी वेल्डर. पत्र्याचा मासा मला काय अवघड? वर्कशॉपमध्ये जाड प्लेट कापली, कडी वेल्ड केली, पॉलिश मारलं. असं काम कंपनीलाही करून दिलं नव्हतं.

शुक्रवारी फेकला. तो सरळ तळाला गेला आणि बसला. मी ओढला, दोरी तुटली.

शिंदे म्हणाला, "जाधव, हा मासा धरायला होता का बोट बांधायला?"

• • •

हसनभाईंनी सांगितलं, पत्रा पातळ हवा, खोलगट हवा, चमच्यासारखा. शिंदेने ते शब्दशः घेतलं. मेसमधले चमचे कमी व्हायला लागले. मेसचा कुक कुट्टन, केरळचा. उरलेले चमचे त्याने साखळीने टेबलाला बांधायचं ठरवलं.

साखळी वेल्ड करायला मलाच बोलावलं. मी केली. पक्की केली. शिंदे दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

• • •

मासा मिळाला की हसनभाई खोलीत तळायचे. मसाला घरून आणलेला. वास पार चौथ्या खोलीपर्यंत जायचा. पहिल्याच शुक्रवारी मी बोलून गेलो होतो, "मी दुसऱ्याने धरलेला खाणार नाही. माझा धरीन तेव्हा खाईन."

बोललो ते बोललो. पुढचा सगळा हिवाळा मी डाळ खाल्ली. हसनभाई दर वेळी एक तुकडा माझ्या ताटात ठेवायचे. मी तो परत त्यांच्या ताटात ठेवायचो. त्यांनी कधी आग्रह केला नाही आणि ठेवायचं कधी सोडलं नाही.

शिंदे म्हणायचा, "याच्यापेक्षा मासा लवकर ऐकेल."

• • •

आमचा इंग्रज फोरमन एकदा किनाऱ्यावर आला. त्याच्या देशात तळ्यात असाच दातेरी मासा असतो म्हणाला, पाईक. तोही असाच चमच्यावर धरतात. माझं ओढणं त्याने बराच वेळ पाहिलं. मग खुणेने दाखवलं, ओढ, थांब, मग ओढ. थांबतो तेव्हाच तो चावतो.

हसनभाई म्हणाले, "हेच मी वर्षभर सांगतोय. पण अरबाने ‘यल्ला’, चल लवकर, म्हटल्यावर धावणारा माणूस हा, थांबणार कसा?"

त्यांनी क्रेनच्या जुन्या दोराची एक बारीक तार उकलून माझ्या दोरीच्या टोकाला बांधून दिली. दातांनी तुटू नये म्हणून. थांबायचं मात्र माझं मलाच शिकायचं होतं.

• • •

मग हसनभाई कायमचे घरी निघाले. दुपारी कंपनीची गाडी येणार होती. सकाळीच ते तयार होऊन बसले. नवी टेरिकॉटची पँट, कडक इस्त्री. घरच्यांनी पाहावी म्हणून दोह्यात शिवून घेतलेली.

"चल जाधवा, एकदा शेवटचं. मी नुसता बघीन."

ते कोरड्या वाळूत उभे राहिले. मी फेकला. ओढला. थांबलो. हाताला असा हिसका बसला की रॉड सुटता सुटता राहिला.

"ओढू नकोस. जाऊ दे त्याला. दमू दे."

बऱ्याच वेळाने मासा गुडघाभर पाण्यात आला. तेवढ्यात त्याने उसळी मारली आणि गळ सुटला. मी जागेवरच गार. माझ्या बाजूने काहीतरी धावत गेलं. हसनभाई. इस्त्रीच्या पँटीसकट पाण्यात पडले आणि दोन्ही हातांनी मासा वाळूवर फेकला.

"तुझाच आहे. खा आता."

मग त्यांनी स्वतःच्या हाताचा रक्ताळलेला तळवा पाहिला. कंपाउंडरने मनगटापर्यंत जाड पट्टी बांधली. ओल्या पँटीतच ते गाडीत बसले. त्या रात्री मी मासा खाल्ला. शिंदेने काटे काढून दिले.

पुढचं मला सुट्टीत रत्नागिरीला त्यांच्या घरी कळलं. मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या साहेबाने ती पट्टी पाहिली. आखातातून आलेला माणूस, हाताला एवढी जाड पट्टी, म्हणजे आत सोनंच. बाजूला घेतलं. वेढ्यामागून वेढा सोडवला. आत दातांची ओळ.

"हे काय?"

"मासा चावला."

"कोणाचा मासा?"

"जाधवाचा. त्याचा पहिलाच होता."

साहेबाने हात उलटसुलट करून पाहिला. "मग खाल्ला का त्याने?"

"खाल्ला असणार. मी गाडीत होतो."

साहेबाने ती पट्टी स्वतःच्या हाताने पुन्हा बांधून दिली.