नानांचा उंचवटा आणि कशेळ्याची घसरगाडी

कशेळ्याला जायचं मी नाही, माझ्या दिरानं ठरवलं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. वसंता खोपोलीच्या कारखान्यात इंजिनियर, आणि कशेळ्याच्या सुमनशीच लग्न करायचं म्हणून हटून बसलेला. तिचे वडील नाना जत्रा-कमिटीचे उपाध्यक्ष. ते म्हणाले, "जत्रंत घसरगाडी पळवून दावा, मग पोरीचं बघू." मुलगी मागायला गेला आणि काम गळ्यात घेऊन आला, असा आमचा वसंता!

तुम्ही जाणार असाल तर कर्जतला उतरून आधी वडापाव खा, मग मुरबाड रस्त्याची एसटी पकडा. मागच्या सीटवर मुळीच बसू नका. मी बसले, आणि घसरगाडीची तालीम वाटेतच झाली.

माळावर मातीचे दोन उंचवटे, त्यांवरून वीटभट्टीच्या ट्रॉलीचे रूळ. गाडी दोरानं पहिल्यावर ओढायची आणि सोडून द्यायची. इंजिन नाहीच. उतारावर मिळालेल्या वेगावरच पुढचा चढ चढायचा, आणि त्यातलाही थोडा वेग चाकं आणि वारा खाणार. म्हणून दुसरा उंचवटा पहिल्यापेक्षा बुटकाच हवा. शिवणाच्या क्लासवालीला मला हे कळलं, कमिटीला नाही.

कारण पहिला उंचवटा अध्यक्षांच्या जमिनीवर, दुसरा नानांच्या.

"माजा त्याच्यापेक्षा बुटका? नाय चालायचं!" म्हणत नानांनी माती ओतून आपला उंचवटा चांगला हातभर वर नेला.

"नाना, गाडी चढणार नाही," वसंता पुटपुटला. भावी सासऱ्यापुढं याचा आवाज निघेल तर शपथ! कमिटीनं बैठक घेतली आणि गाडी चढेल, असा ठराव एकमतानं मंजूर केला. शिवाय जोर यावा म्हणून पहिल्या फेरीला वजनदार माणसं बसवायची ठरलं. वजनानं गाडी जास्त उंच चढत नाही, हे वसंतानं सांगून पाहिलं. त्याचे आभार मानण्यात आले.

जत्रेच्या सकाळी अध्यक्ष आणि नाना फेटे बांधून गाडीत समोरासमोर बसले. गाडी धडधडत सुटली, नानांच्या चढावर अर्ध्याहून वर गेली, थबकली आणि उलटी निघाली. मग अध्यक्षांकडे, पुन्हा नानांकडे. दर खेपेला दोघांचे गुडघे एकमेकांवर आपटत होते. शेवटी गाडी मधल्या खळग्यात थांबली. जत्रा पोट धरून हसत होती. सुमनच्या डोळ्यांत मात्र पाणी. मला वसंताचा असा संताप आला!

"अरे, आता तरी मोठ्यानं बोल की!"

तो पुढं झाला. "नाना, तुमचा उंचवटा कमरेएवढा खाली घ्यावा लागेल. पोरगी नाही दिलीत तरी हेच सांगेन."

अध्यक्ष गालात हसले.

"हसू नको रं," नाना गाडीतून उतरत म्हणाले. "तुज्या उंचीवर कोन ऱ्हानार नाय. समदी सुटून माज्याकडंच येनार. आना फावडं!"

दुसऱ्या दिवशी गाडी नानांचा उंचवटा सहज ओलांडून गेली. "या जावईबापू, आता तुमी बसा," नाना म्हणाले, आणि मी पदरानं डोळे पुसले.

परत आल्यावर आठवडाभर माझी कंबर धरलेली होती. ती सुटली, पण त्या माळावरची एक गोष्ट आमच्या घरात कायमची शिरली. लग्नात माझ्या सासऱ्यांनी वरपक्षाचा मान म्हणून आपली खुर्ची चौरंगावर चढवून घेतली. नाना खालून शांतपणे म्हणाले, "पोर माज्याकडनं सुटून तुमच्याकडं येनार. मग उंच कोन पायजे, इंजिनेर?"

वसंता या वेळी पुटपुटला नाही. बाशिंग सांभाळत उठला आणि त्यानं स्वतःच्या बापाची खुर्ची खाली उतरवली.