बळीरामची बिनडफड्याची दवंडी

बोरी अरबच्या बाजारात बळीरामच्या आवाजाला तोड नव्हती. वीस वर्षं त्यानं गावची दवंडी दिली. डफड्यावर त्याची काडी पडली की तेल मोजणाऱ्याचा हात थांबायचा आणि भांडणाऱ्या बायासुद्धा भांडण जरा बाजूला ठेवायच्या. प्रत्येक दवंडीचा शेवट ठरलेला असायचा: "असा पाटलाचा हुकूम हाये होऽऽ!" हुकूम पाटलाचा, घसा बळीरामचा, आणि त्याबदली दारोदारची शिळी भाकर.

छप्पन साली तो नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि आल्या पावली त्यानं डफडं चुलीत घातलं. त्याच जाळावर त्याची बायको तुळसाबाई हिनं चहा उकळला आणि सगळ्या वस्तीला पाजला. "आता या हातात पावडं येईन, काडी येनार नाइ," असं बळीराम चारचौघांत बोलला आणि त्या बोलाला जागला. विहिरी खणल्या, रस्त्यावर गिट्टी फोडली, पण डफड्याकडे कधी वळून पाहिलं नाही.

सहासष्ट साल आलं ते लोकांच्या तोंडचं पाणी पळवतच. पावसानं पाठ फिरवलेली, रेशनवर परदेशी लाल मिलो ज्वारी, कापसाचं जिनिंग अर्ध्या हंगामात बंद. अशात दारव्ह्याच्या पंचायत समितीचं अंदाजपत्रक आलं. पैसा नाही म्हणून मजुरीची कामं बंद, शाळेतल्या पोरांचं दूधही बंद. सभापतींसाठी नवी जीप मात्र घ्यायची होती आणि मंत्र्यांच्या स्वागताला सिमेंटची कमान उभारायची होती. घरात नाही दाणा अन् मला बाजीराव म्हणा, दुसरं काय!

समितीत विरोधी पक्षाची माणसं मोजकीच. त्यांतल्या नंदकिशोर नावाच्या तरुण सभासदानं पक्षातर्फे वेगळं अंदाजपत्रक मांडलं. कमान नको, जीप नको. त्या पैशात गावोगावच्या विहिरी खोल करा, मजुरी आठवड्याच्या आठवड्याला द्या आणि पोरांचं दूध चालू ठेवा. सभापती हसले. "लोक कुठं आहेत तुमच्यामागं?" म्हणाले. मतदान पुढच्या सभेत होणार होतं. तोवर लोकांना हे कळायला हवं होतं आणि त्यांनी दारव्ह्याला यायलाही हवं होतं. कामं निघाली नाहीत तर वस्ती वीटभट्ट्यांवर पांगणार हे बळीरामला दिसत होतं. शेजारच्या दोन घरांना कुलपं लागलीच होती.

पण लोकांना सांगायचं कसं? पत्रकं छापली तर वाचणार कोण? गावात भोंगा एकच, तो भगवानराव ठेकेदाराचा, आणि कमानीचा ठेकाही त्यालाच मिळणार होता! शेवटी नंदकिशोर बळीरामच्या दारी आला.

"काका, एक डाव डफडं वाजवा. चांगल्या कामासाठी."

तुळसाबाईच्या हातातलं सूप थांबलं.

"डफडं नाइ," बळीराम म्हणाला. "ते म्या जाळलं."

"मग बाजारात लोक थांबतीन कसे?"

"डफडं जाळलं, बाबू. घसा नाइ जाळला."

बोलून तर गेला, पण दहा वर्षं त्यानं आवाज चढवला नव्हता. लोकांनी पाठ फिरवली तर नंदकिशोर पुन्हा डफड्याचीच गोष्ट काढणार, हे त्याला ठाऊक होतं.

बाजाराच्या दिवशी तो एका रिकाम्या बैलबंडीवर चढला. पहिली हाक मिरच्यांच्या ढिगापलीकडे गेलीच नाही. दुसऱ्या हाकेला तेल्यानं मान वर केली. तिसऱ्या हाकेला बाजार वळला. बळीरामला हुरूप आला. विहिरी, दूध, कमान, जीप, सगळं त्यानं खणखणीत सांगितलं, दारव्ह्याला चला म्हणाला, आणि त्या भरात जुन्या सवयीनं घात केला. तोंडून निघून गेलं, "असा पाटलाचा हुकूम हाये होऽऽ!"

बाजार खो खो हसला. पानाच्या ठेल्यावरून भगवानरावानं साधून घेतलं. "काय बे बळ्या, पाटलाले माहीत हाये का त्याचा हुकूम?"

बळीरामचं तोंड काळवंडलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. जाळलेलं डफडं त्याच्याच जिभेवर वाजलं होतं. तो उतरायला वाकला, तर खाली तुळसाबाई टोपलं घेऊन उभी.

"उतरता कायले?" ती म्हणाली. "पुन्हा सांगा. पयल्यापासून."

बळीराम सरळ झाला. "चुकलं माह्यं," तो मोठ्यानं म्हणाला. "वीस वर्साची सवय हाये, जिभेवरून उतरली नाइ. हुकूम कोनाचाच नाइ. हे मांगनं हाये, अन् ते माह्यं हाये. आता आयका." त्यानं सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी कोणी हसलं नाही. शेवटी तो ओरडला, "असं आमचं मांगनं हाये होऽऽ!" तेव्हा कोपऱ्यातल्या बांगडीवाल्या मथुराबाईनंही आपला आवाज त्यात मिसळला.

सभेच्या दिवशी दारव्ह्याचं आवार माणसांनी भरलं. विरोधकांचं अंदाजपत्रक पडलं. ते पडणारच होतं. पण खिडक्यांत दाटलेली तोंडं पाहून सभापतींना घाम फुटला. त्यांनी कमान रद्द केली आणि विहिरींचं काम आपल्याच अंदाजपत्रकात घातलं, जणू ते त्यांनाच स्वप्नात सुचलं होतं!

काम सुरू झाल्यावरच्या बाजारात नवा कोतवाल डफडं बडवत फिरला, "सभापती सायबाच्या हुकमानं विहिरी खोल होऊन राह्यल्या होऽऽ!"

नंदकिशोर चिडला. "पाह्यलं काका? आपलंच चोरलं अन् आपल्यालेच आयकवून राह्यले."

"चोरू द्या ना," बळीराम म्हणाला. "राह्यलेलं बी चोरा म्हना."

तो विहिरीवरूनच आला होता, पोटऱ्यांपर्यंत चिखल होता. कोतवालाचं डफडं थांबेपर्यंत तो थांबला. मग पावडं तुळसाबाईच्या हाती देऊन बंडीवर चढला.

"पोरायचं दूध राह्यलं होऽऽ!"