कानात सांगितलेला आकडा

आत्यानं जन्मभर एकच काम केलं: अणू किती कलतो ते मोजलं. भट्टीत तापवलेल्या धातूच्या अणूंची बारीक धार पंपानं हवा काढलेल्या नळीतून सोडायची. वाटेत विजेच्या दोन पट्ट्या. त्यांच्यामधून जाताना अणूतले इलेक्ट्रॉन किंचित एका बाजूला सरकतात आणि धार केसाच्या जाडीहूनही कमी वळते. त्या वळण्यावरून अणू किती मऊ ते कळतं. "जे दिसत नाही त्याला गुदगुल्या करते आणि हसलं का बघते," असं तिचा दादा म्हणायचा. तो धंद्यानं शिंपी.

दादाची मुलगी तोच आकडा कॉम्प्युटरवर नुसत्या गणितानं काढायची. आत्या-भाचीचा नियम कडक होता. एकमेकींना आकडा सांगायचा नाही. दोघींनी सांगायचा तो दादाच्या कानात. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे, म्हणूनच तो पंच. त्यानं फक्त 'जुळलं' किंवा 'नाही' एवढंच म्हणायचं.

आता आत्या निवृत्त होणार होती आणि यंत्र भंगारात जाणार होतं. शेवटचं मोजमाप कानात पडलं तसा दादाचा चेहरा पडला. बहिणीखातर खोटं बोलावं असं अगदी ओठांवर आलं होतं त्याच्या.

"नाही," तो म्हणाला.

"आत्या, माझंच चुकलं असेल. मी परत करते," भाची म्हणाली.

"गप्प बस! भीड धरून गणित होत नसतं."

आत्या भडकली होती, पण खरं तर तिला रडू येत होतं. ती यंत्रापाशी जाऊन बसली. नळीचं कवच हाताला गरम लागलं आणि तिनं कपाळावर हात मारला. पट्ट्यांमधली फट तिनं यंत्र गार असताना मोजली होती! भट्टी पेटली की पट्ट्या फुगतात, फट अरुंद होते, विजेचा जोर वाढतो. अणू बिचारा तिनं धरला होता तेवढा मऊ नव्हताच.

तिनं तापल्या यंत्रातली फट प्रकाशकिरणानं मोजली, हिशेब नव्यानं मांडला आणि पुन्हा दादाचा कान गाठला.

दादा डोळे मिटून बोटांवर दोन्ही आकडे ताडून बघू लागला.

"अरे, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?"

"जुळलं. आकडा न् आकडा." तो नळीकडे वळला. "पोरीनं तर तो अणू कधी पाहिलाही नाही. मग त्याला हिचं गणित सांगितलं कोणी गं?"

 आत्यानं नळीवर हात ठेवला. आत धार अजून वाहत होती.

"मला नाही रे माहीत," ती म्हणाली, आणि पंप बंद करायला तिचा हात काही केल्या उठेना.