दहा छर्रे

परात पाण्यात घालण्याआधी ते तिच्या काठावर मधल्या बोटाने दोन टिचक्या मारायचे. आत कोणी आहे का, असं दार वाजवून विचारावं तसं. मग म्हणायचे, "आधी हलकं जाऊ द्या." एवढं बोलून उकिडवे बसायचे, आणि पुढचा तासभर त्यांना हाक मारून उपयोग नसायचा.

नाव मी लिहीत नाही. डोंबिवलीत त्यांना ओळखणारे अजून आहेत. मी त्यांना अध्यक्ष म्हणायचे आणि ते मला बाई म्हणायचे. शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. माझी शाळा चौथीत सुटली, हे मी त्यांना सांगून टाकलं होतं. "मला शिकवलंत ना? मग बाईच," म्हणाले.

शिकवलं ते असं. सोनारांच्या दुकानांपुढची धूळ झाडून न्यायची, पाण्यात धुवायची आणि तळाशी राहिलेले सोन्याचे कण वेचायचे, हा आमच्या घरचा धंदा. आम्हाला झारेकरी म्हणतात. कल्याणात गल्लीच्या तोंडाशी नळाखाली मी लाकडी काठवट घेऊन बसायचे. एक दिवस इस्त्रीचा शर्ट घातलेले हे गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "काय हरवलंय का तुमचं?"

"नाही. बघतोय."

"बघून येत नाही ते. बसा."

ते खरंच बसले. ओल्या फरशीवर, इस्त्रीच्या पँटसकट.

ठाण्याच्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायची नोकरी करून ते निवृत्त झाले होते. परदेशात लोक सुट्टीच्या दिवशी नदीवर जाऊन, निव्वळ हौस म्हणून वाळूतून सोनं धुतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. तसं मंडळ त्यांना इथे काढायचं होतं.

"आपल्या नदीत सोनं नाही," मी सांगितलं. "सगळा काळा कातळ."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मी नकाशे काढले त्यातली निम्मी यंत्रं कधी बनलीच नाहीत, बाई. काढताना मजा यायची."

माणूस वेडा आहे असं मला वाटलं. अजून वाटतं. पण अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यामागे आणखी पाच-पंचवीस जण वेडे होतात. यांच्यामागे वीस झाले. बहुतेक सगळे निवृत्त, घरी नकोसे झालेले. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे टिटवाळ्याच्या पुढे काळू नदीवर जमायचे. शिकवायला मी.

माझी सासू नव्या सुनेला कशी शिकवायची, ते मी त्यांना दाखवलं. मातीत शिशाचे दहा बारीक छर्रे टाकायचे आणि धुवायला लावायचं. माती वाहून जाते, जड छर्रे तळाशी राहतात. हाताने घाई केली की तेही जातात. दहाच्या दहा राहिले तर हात तयार. तोवर मला सासूने सोन्याच्या धुळीला बोट लावू दिलं नव्हतं.

अध्यक्षांचे पहिल्यांदा पाच राहिले. मग सात, मग पुन्हा पाच. चार महिन्यांनी दहा राहिले, तेव्हा हा गृहस्थ नदीत उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. तिथल्या तिथे त्यांनी मंडळाचा नियम केला. ज्याचे दहा राहतील तोच अध्यक्ष. दरवर्षी नव्याने धुवायचं. मोजायचं बाईंनी, कारण बाई खोटं बोलत नाहीत.

पुढे मंडळात वर्तकनगरचे एक साहेब आले. मोठा आवाज, दर वाक्याला हसणं. त्यांना अध्यक्ष व्हायचं होतं. त्यांनी परात गरागरा फिरवली. मी मोजले. "चार."

"अहो आजी, ही काय बालवाडीची परीक्षा आहे?" ते म्हणाले. "आपण मोठी माणसं. हात वर करा रे सगळ्यांनी, कोणाला बदल हवाय?"

हात वर झाले. आमच्या अध्यक्षांनीही केला. परत येताना मी त्यांना झापलं. "तुम्ही कशाला केलात?"

"सगळ्यांनाच नको असेन, तर मी एकट्याने मला कशाला धरून ठेवू?"

"मग तसं तोंडाने बोलायचं. हात काय वर करता, शाळेतल्या पोरासारखा?"

ते हसले. त्यांना लागलं होतं. लागलं की ते जास्त हसायचे.

नव्या साहेबांनी टोप्या केल्या, त्यावर मंडळाचं नाव. नदीवर इडली-चटणी यायला लागली. प्रत्येक वेळी कोणाचा तरी सत्कार. माणसं वाढली, पण परातीत हात घालणारी कमी झाली. आमचे अध्यक्ष टोपी घालून एका बाजूला बसायचे आणि धुवायचे. "हलकं जाऊ द्या," स्वतःशीच.

साहेबांना मात्र एक खुपत होतं. इतक्या वर्षांत मंडळाला गुंजभर सोनं मिळालेलं नव्हतं. म्हणून त्यांनी जागा बदलली आणि सगळ्यांना नदीच्या खालच्या अंगाला नेलं. तिथे तासाभरात कळव्याच्या एका निवृत्त मास्तरीणबाईंच्या परातीत पिवळा मणी चमकला. आरडाओरडा झाला. साहेब फोन काढून फोटो घ्यायला लागले. त्या बाई परात घेऊन माझ्याकडे आल्या. "आजी, खरं आहे का हो?"

मी मणी तळहातावर घेतला. एका बाजूने काळवंडला होता. वर पाहिलं. वळणापलीकडे पत्र्याचं छप्पर दिसत होतं. गावाचं स्मशान. मेलेल्या माणसाच्या तोंडात तुळशीच्या पानाबरोबर सोन्याचा मणी ठेवतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. राख मग याच पाण्यात सोडतात.

अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं. त्यांनी मान किंचित हलवली, नको म्हणून.

मी म्हटलं, "खरं आहे. कोणाच्या तरी तोंडातलं आहे."

त्या बाईंनी हात साडीला पुसले. पुसतच राहिल्या. इडलीचा डबा कोणी उघडला नाही. अध्यक्ष उठले, माझ्या हातातून मणी घेतला, गुडघाभर पाण्यात गेले आणि सोडून दिला. साहेब ओरडले, "अहो, मंडळाची पहिली कमाई होती ती!"

"आपली नव्हती," अध्यक्ष म्हणाले.

मला स्वतःला विटाळ वाटत नाही. जिवंत माणसांच्या पायांखालची धूळ धुऊन मी मुलं वाढवली, मेलेल्यांनी माझं काय केलंय? पण विचारलं म्हणून सांगितलं. आणि सांगितलं म्हणून मंडळ मोडलं. पुढच्या रविवारी निम्मे आले नाहीत. साहेब म्हणाले, "या आजींना यापुढे आणू नका." अध्यक्ष म्हणाले, "मग मीही येत नाही." साहेबांनी उरलेल्यांच्या दोन सहली काढल्या. मग फोनवर रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवली. मग तीही थांबली.

आम्ही दोघं जुन्या जागेवर परत गेलो. त्यांनी रीतसर दहा छर्रे धुतले, दहा राहिले, ते अध्यक्ष झाले. मला सभासद करून घेतलं. मी एकदा म्हटलं, "मी गप्प बसले असते तर आज वीस माणसं असती."

"हलकं गेलं, बाई."

"जड तरी कुठे राहिलंय? तुम्ही आणि मी?"

"दोन म्हणजे काही कमी नाहीत."

असे बरेच रविवार गेले. ते थर्मासमधून चहा आणायचे, मी भाकरी न्यायचे. बोलणं थोडंच. माझ्या घरी मी बोलायला लागले की टीव्हीचा आवाज वाढतो. त्यांच्या घरी बायको गेल्यापासून टीव्हीही कोणी लावत नव्हतं. नदीवर निदान दोन पराती पाण्याला लागल्याचा आवाज असायचा.

मग एका वर्षी छर्रे धुण्याचा रविवार आला. त्यांनी टिचक्या मारल्या. परात फिरवली. त्यांचा उजवा हात काही दिवसांपासून थरथरत होता. तो थंडीने थरथरतो, असं ते म्हणायचे. उन्हाळा होता. परात त्यांनी माझ्यापुढे धरली. डोळेही कमी झाले होते, म्हणून ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी मोजले. पुन्हा मोजले.

मी दहा म्हणाले असते तर त्यांना कळलं नसतं. मला पुढचा महिना, त्याच्या पुढचा महिना मिळाला असता. हे मला त्या क्षणी समजत होतं. पण मोजायला मला बसवलं होतं ते मी खोटं बोलत नाही म्हणून.

"सात."

"परत बघा."

"दोनदा बघितलं. सात."

ते हसले. खूप हसले. आपली परात त्यांनी धुतली, पंच्याने पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "तुमचा हात तयार आहे. आता अध्यक्ष तुम्ही."

"कोणाची?"

"मंडळाची. मी सभासद."

पण सभासद परत आले नाहीत. त्यांची मुलगी त्यांना ठाण्याला घेऊन गेली. वर्तकनगरलाच, बघा. मी एकटीच जायला लागले. पहिल्या रविवारी दुपारी बाराला त्यांचा फोन यायचा. बाकी काही नाही, फक्त, "किती?"

"दहा."

"छान," म्हणून फोन ठेवायचे.

एकदा माझेच नऊ राहिले. सांगितलं, नऊ.

"मग नियमाने राजीनामा द्या, बाई."

"कोणाकडे देऊ?"

पलीकडून बराच वेळ हसणं ऐकू आलं. त्यात खोकला होता.

दिवाळीनंतर त्यांच्या मुलीचा फोन आला, बाबा गेले म्हणून. मी "ठीक आहे" म्हटलं आणि फोन ठेवला. आणखी काय म्हणणार?

गेल्या रविवारी मी गेले होते. काठवट घरीच असते, आता त्यांची परात नेते. काठावर दोन टिचक्या मारल्या, माती घातली, छर्रे टाकले, धुतले. फोन दगडावर ठेवला होता. बारा वाजले. एक वाजला. माणसं नसली की नदीला फार आवाज असतो.

मी छर्रे तळहातावर घेतले आणि मोजले.

"दहा," मी म्हटलं, मोठ्याने.