आईचं भरीत आणि माझं चिडकं आतडं

माझ्या पोटाबद्दल बोलायचा अधिकार धुळ्यापासून फैजपूरपर्यंत सगळ्यांना होता, फक्त मला नव्हता.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी धुळ्याला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. खोली भाड्याची, जेवण खाणावळीत, लग्न व्हायचं होतं. आई फैजपूरजवळच्या आमच्या गावी, भावाकडे. महिन्यातून एकदा मी एसटीने तिला भेटायला जायचो आणि तो प्रवास म्हणजे शिक्षा असायची. कळ कधी येईल याचा नेम नसे. पारोळ्याच्या आणि एरंडोलच्या स्टँडची मागची बाजू मला तोंडपाठ होती. एकदा पारोळ्याला गाडी मला टाकून निघून गेली. पिशवी गाडीत आणि मी हातात टमरेल धरून रस्त्यावर.

धुळ्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, "रोग काही नाही. तुमचं आतडं चिडकं आहे. जे मानवत नाही ते खाऊ नका." ऐकून मला आनंद व्हायला हवा होता, पण रागच आला. दिवसातून पाच वेळा पळणाऱ्या माणसाला रोग नाही म्हणजे काय? वर त्यांनी एक कागद दिला. मिरची, तेल, कच्चा कांदा, शेंगदाणे, वांगं, सगळं बंद. खानदेशात राहून हे सोडल्यावर उरतं काय, ते मात्र त्या कागदावर नव्हतं.

घरमालकीणबाईंनी तो कागद वाचून घेतला आणि हसून परत दिला. "भाऊ, बठ्ठं खावानं, काही व्हत नही," म्हणाल्या, म्हणजे सगळं खायचं, आणि मूठभर ओवा हातावर ठेवला. कचेरीतले हेडक्लार्क बेलाचा मुरंबा घेऊन आले. शेजारच्या टेबलावरचा म्हणे, लग्न कर, पोट आपोआप थांबेल. मी ओवा खाल्ला, मुरंबा खाल्ला, इसबगोल प्यायलो. लग्न तेवढं राहिलं. पोट होतं तिथेच होतं.

खरी पंचाईत गावी व्हायची. हिवाळ्यात आमच्याकडे भरीत म्हणजे सण. पांढरट हिरवी, हातभर वांगी यायची. आई ती कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, त्यात हिरव्या मिरच्या आणि लसूण, वरून तेलाची फोडणी, शेंगदाणे, कांद्याची पात आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. फोडणी घालण्याआधी चिमूटभर तळहातावर घेऊन चाखायची आणि डोळे मिटायची. जगात तिला याहून प्रिय काही नव्हतं, आणि मी समोर बसून पोटभर खाणं हा त्यातलाच भाग होता.

त्या हिवाळ्यात मी ताट सरकवलं. डॉक्टरांचा कागदही दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. "माह्या हातचं गोड लागत नही आता तुले," ती म्हणाली. मी तासभर समजावलं, ती ऐकत राहिली आणि शेवटी भरलेला पेला पुढे केला. "दूध तरी पी. पोटाले थंड असते." तेवढ्याने तरी तिचं समाधान होवो म्हणून मी दोन पेले प्यायलो. दुसऱ्या दिवशी परत येताना पारोळा होतंच.

असं वर्षभर चाललं. गेलो की ताट परत, दुधाचे पेले आणि तिचा पडलेला चेहरा. मग मीच जाणं कमी केलं. आईच्या हातचं खाता येत नसेल तर तिच्यासमोर बसायचं कसं, हे मला उमगत नव्हतं आणि तिला वाटत होतं मी तिला टाळतोय. म्हणजे खरंच टाळत होतो.

डॉक्टरांकडे जाऊन मी एकदा तोंड सोडलं. ते शांतपणे म्हणाले, आता एका वेळी एकच वस्तू बंद करा, पंधरा दिवस थांबा, वहीत लिहा. मी मिरची बंद केली, मग शेंगदाणे, मग हरभरा, मग गहू. काही फरक नाही. दुधावर कोणाचा संशयच नव्हता, इतकं ते सोज्वळ. शेवटी काही उरलं नाही म्हणून चहा कोरा केला आणि रात्रीचं दूध थांबवलं. आठ दिवसांत पोट शांत! मी त्या वहीकडे बघून एकटाच शिव्या देत बसलो. मग खाणावळीत चमचाभर भरीत खाल्लं, पुढच्या आठवड्यात वाटीभर. मिरची निम्मी ठेवली आणि वेळेवर जेवलं की काही होत नव्हतं.

तेवढ्यात भावाचं पत्र आलं. गावातल्या बायकांबरोबर आई काशीला जाऊन आली, मावंद्याला ये. यात्रेहून आल्यावरचं हे गावजेवण. मी पहिल्या गाडीने निघालो. पारोळा आलं आणि गेलं, मी जागचा उठलो नाही. आईला काय सांगायचं ते मनात घोळवत बसलो होतो.

पंगती उठल्यावर मी तिला गाठलं. म्हटलं, "आई, उद्या भरीत कर. वांग्याने काही होत नाही मला. दूध नडत होतं."

ती म्हणाली, "मी त वांगं काशीले सोडून आली."

काशीला गेलेला माणूस तिथे एक आवडीची वस्तू सोडतो आणि ती पुन्हा जन्मात खात नाही. लोक शहाणे असतात. माझ्या मामीने सफरचंद सोडलं होतं, जे आमच्या गावात कोणी आणतच नसे.

"तुले चालत नही, अन मी तुह्यासमोर खात बसू?" ती म्हणाली. "मी सोडलं का घरात शिजनार नही. मंग तू येशीन."

मी पाहुण्यांदेखत ओरडलो, "कारलं सोडायचं होतंस!"

"कारलं मले आवडत नही. देवाले काय फसवायचं?"

मला तिचा भयंकर राग आला आणि माझा त्याहून जास्त. वर्षभर तिच्या हातचं दूध पिऊन मी वांग्यावर आळ घेतला होता. मागच्या दारी जाऊन रडलो.

दुसऱ्या दिवशी तिने वांगी भाजली. माझ्यासाठी. पुढे दर हिवाळ्यात भाजत राहिली, पण चाखणार कशी? मीठ कधी जास्त, कधी कमी. मी घास घेतला की विचारायची, "मीठ बरोबर हाये का रे?" मी म्हणायचो, बरोबर आहे.

एका वर्षी मीठ पडलंच नव्हतं. भाऊ काही बोलणार एवढ्यात मी त्याच्या पायावर पाय दिला आणि आईकडे आणखी एक भाकरी मागितली.