एका हाताच्या साऱ्या खुणा

रा. नरसय्या मास्तरांच्या साठीनिमित्त चार शब्द लिहा, असे मंडळींनी सांगितले. तीनदा लिहून फाडले. मन स्वस्थ नाही, त्याचे कारण पुढे येईलच.

नाटक-सर्कशींचे पोशाख शिवणाऱ्या विलायती मालकाच्या कारखान्यात मी बार्शीहून कारकून म्हणून आलो, तेव्हा मास्तर तेथे कापड बेतीत असत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी बाही धरली. "कोट उसना हाय की, रावसाहेब!" मी शरमलो. दुपारी त्यांनी बाह्या आखूड करून दिल्या, त्याही अशा टाक्यांनी की कोट परत करताना सहज उसवाव्यात. माणसाची अब्रू त्यांना अशी जपता येते.

त्या कारखान्यात टिकल्या आणि पिसे उडू नयेत म्हणून खिडक्यांना खिळे ठोकले होते. ओल्या हाताने साटीन डागते म्हणून पाणी फक्त दुपारच्या सुट्टीत. चैत्रात बायका मशीनवरच भोवळ येऊन पडत. तक्रार करावी तर नावे कोण घालणार? "नाव दिसलं की घरी बसवत्याल," मशीनवरच्या गंगव्वा म्हणाल्या.

तोड मास्तरांनीच काढली. प्रत्येक बाई आपले काम ओळखता यावे म्हणून अस्तराच्या आत स्वतःची खूण घाली. कुणाची चिमणी, कुणाचे तुळशीपान. तक्रार कापडाच्या तुकड्यावर लिहून तिच्याखाली नावांऐवजी त्याच खुणा टाक्यांनी घालायच्या ठरल्या. एकूण एक बायकांनी घातल्या.

चूक तिथेच झाली. कचेरीत त्या खुणांचे बुक होते आणि कुठली खूण कुणाची, हे त्यात मीच लिहीत होतो. वरून हुकूम होता. मास्तरांना त्याचा पत्ता नव्हता. मी सांगितले नव्हते.

मॅनेजरसाहेबांनी कापड टेबलावर पसरले, मला बुक उघडायला लावले. मी उघडले. सगळ्या बायका दाराशी उभ्या होत्या. गंगव्वांची चिमणी पहिल्याच पानावर होती. माझे बोट तिथे पोहोचले, तोच मास्तर आत आले.

"साहेब, समद्या खुना म्याच घातल्या. शिकवल्या बी म्याच."

साहेब हसले. मास्तरांनी खाली बसून साटीनचा तुकडा मांडीवर घेतला आणि चिमणीपासून तुळशीपानापर्यंत एकेक खूण हुबेहूब उठवली. "आता बुकातनं सांगा, ही कुनाची?"

मास्तरांना त्याच दिवशी कामावरून काढले. बायका राहिल्या. पुढच्या आठवड्यात दोन खिडक्यांचे खिळे निघाले, दाराशी रांजण आला. मीही राहिलो, त्याच खुर्चीवर.

ते बुक माझ्या अक्षरातले होते, हे मास्तरांना आजवर ठाऊक नाही. त्यांनी आपल्या मोहल्ल्यात शिवणाचे लहानसे दुकान घातले. माझ्या लग्नाचा कोट तिथेच शिवला आणि शिलाईचे नावही काढू दिले नाही. तेव्हाही मी गप्प बसलो. मला माझीच चीड येते.

समारंभात हा लेख मी स्वतः वाचणार आहे. मास्तर समोर बसलेले असतील. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो. माझ्यावर रागवायला आणि राग निवल्यावर पुन्हा माझी बाही धरायला त्यांच्यापाशी भरपूर वर्षे असोत.